लग्न दोघांचं, कागद कुणाच्या नावावर?

आज आम्ही बोलणार आहोत समुद्रापलीकडच्या संसाराबद्दल. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, आणि मधे पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि वाट बघणं. हे आता फक्त शहरातल्या शिकलेल्या घरांत घडत नाही. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नडकडच्या गावांतूनही कुणी दुबईला, सौदीला कामाला जातं, कुणाचा जावई जर्मनीत नाहीतर अमेरिकेत असतो. आपल्या गटांच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला की हळूच प्रश्न येतो, "ताई, ते तिकडं गेले. मला कधी नेता येईल?"

२०१७ साली आपल्या शहरात छावणीच्या पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र सुरू झालं. त्याआधी या कामासाठी मोठ्या शहराचा रस्ता धरावा लागे. आता पोटाशी कागदांची पिशवी धरलेल्या बाया याच पोस्टाच्या दारात दिसतात. छावणी या ठिकाणाला ताटातूट नवी नाही, म्हणून आजची गोष्ट आम्ही तिथूनच सुरू करतो.

छावणी म्हणजे फौजेचा तळ. खाम नदीपलीकडे इंग्रजांच्या काळात तो वसला. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिचे तळ आपल्या मराठवाड्यात औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई इथे होते. १८५७ च्या जूनमध्ये दख्खन सोडून दिल्लीकडे लढायला जावं लागणार या बातमीने इथल्या घोडदळात बंड झालं. पुढे १९१४ च्या महायुद्धात याच फौजेच्या वंशातल्या पलटणी थेट फ्रान्सला गेल्या. त्या शिपायांच्या बायकांना नवऱ्याची खुशाली कळायची ती पत्रातून, आणि ते पत्रही आधी सरकारी माणसाने वाचलेलं असायचं. घरी आलं की ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं. नवराबायकोचं बोलणं दोन परक्या माणसांच्या हातून जायचं.

गोऱ्या शिपायांचं तरी बरं होतं का? इंग्रज पलटणीत लग्नाला साहेबाची परवानगी लागे. एकोणिसाव्या शतकात पलटण परदेशी निघाली की साध्या शिपायांच्या मोजक्याच बायकांना जहाजावर जागा मिळायची. हिंदुस्थानात येताना शंभर शिपायांमागे साधारण बारा. कोण जाणार हे ठरवायला चिठ्ठ्या काढत. "जायचं" अशी चिठ्ठी निघाली ती जहाजावर चढायची, "राहायचं" निघाली ती मुलं घेऊन धक्क्यावर उभी. अधिकाऱ्यांच्या मडमांना मात्र चिठ्ठी काढावी लागत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा. संसार एकत्र करायचा हक्क हुद्द्यावर आणि पगारावर ठरतो, हे तेव्हा होतं, आणि आज ते कुठे दिसतं ते पुढे सांगतो.

आता आपल्या मराठी घरातलं एक जोडपं घेऊ. नवरा पोस्टात कारकून होता, गोपाळराव जोशी. बायको आनंदीबाई, कल्याणची, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्यानंतर तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. गोपाळरावांनी अमेरिकेत लिहिलेलं एक पत्र तिथल्या मासिकात छापून आलं होतं. ते वाचून न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, आणि दोघींचं मावशी-भाचीसारखं नातं जुळलं.

दोघांनी बरोबर जायचा विचार होता, तो जमेना. शेवटी ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची आनंदीबाई कलकत्त्याहून एकटीच बोटीत बसली. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास झाला. पत्रालाही असेच आठवडेच्या आठवडे. आज भांडायचं तर फोनवर एका मिनिटात भांडून होतं. तेव्हा इकडून रागाचं पत्र निघायचं आणि ते तिकडे पोचेपर्यंत राग कुठे राहिलेला असायचा कोण जाणे. गोपाळरावांच्या पत्रांत रागावणं बरंच असे. परक्या देशात थंडीने आणि आजाराने बेजार झालेली ती बाई अभ्यास सांभाळून त्या पत्रांना उत्तरं देत होती. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून ती डॉक्टर झाली. तोवर गोपाळरावही तिकडे पोचले होते. दोघं बरोबर परतली, पण क्षयाने खंगलेली आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं, एवढंच तिचं आयुष्य.

या गोष्टीत एक बाब सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेत उतरायला आनंदीबाईला व्हिसा लागला नाही. तिला अडवलं ते पैशाने, सोवळ्याने आणि लोकांच्या जिभेने. आज या तिन्ही गोष्टी पार करून बाई निघाली, तरी पुढे आणखी एक दार असतं, ते कागदाचं. ते दार कसं उभं राहिलं?

त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जावं लागेल. तिथे आपल्याकडचे हजारो लोक मजुरीला आणि व्यापाराला गेले होते. १९१३ मध्ये एक हिंदी माणूस मायदेशी येऊन बायकोला घेऊन परत गेला. बंदरावर तिला उतरू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. १४ मार्च १९१३ ला न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकापेक्षा जास्त बायका करता येतात, त्या रीतीने झालेलं लग्न त्या देशाच्या कायद्याला लग्न म्हणून मान्य नाही. त्या काळी हिंदू आणि मुसलमान दोन्ही लग्नं त्यात आली. म्हणजे अंतरपाट धरून, अक्षता टाकून किंवा निकाह पढून संसार करणाऱ्या हजारो बाया एका दिवसात कायद्याने कुणाच्याच बायका राहिल्या नाहीत.

तेव्हा बायाच उठल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा गांधी फिनिक्स आश्रमातल्या सोळा जणांच्या तुकडीतून निघाल्या. परवान्याशिवाय सरहद्द ओलांडली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी घेतली. दुसऱ्या तुकडीतल्या तमिळ बाया न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर गेल्या. त्यांचं ऐकून मजुरांनी काम बंद केलं. वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून ताप घेऊन आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि आपल्या रीतीने झालेलं, एकाच बायकोचं लग्न तिथे मान्य झालं. आपल्या लग्नाला कागदावर किंमत मिळावी म्हणून बाया तुरुंगात गेल्या, हे आपल्या इतिहासात ठळक लिहायला हवं.

पहिल्या महायुद्धात सगळ्याच देशांनी सरहद्दी आवळल्या. युद्ध संपलं, पासपोर्ट मात्र राहिला. हिंदुस्थानात १९२० मध्ये देशात येणाऱ्यांच्या पासपोर्टचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने तो हक्क आणखी पक्का केला. म्हणून खिडकीपाशी उभं राहताना मान खाली घालायचं कारण नाही. पासपोर्ट मागायचा बाईलाही तेवढाच हक्क आहे.

पण पासपोर्ट आपला देश देतो आणि व्हिसा दुसरा देश. तिथे बाईला काय सोसावं लागलं, त्याचं एक उदाहरण जड मनाने सांगतो. जानेवारी १९७९ मध्ये एक भारतीय शिक्षिका लग्न करायला लंडनच्या विमानतळावर उतरली. वय पस्तीस. ही खरंच नवी नवरी आहे का, हे ठरवायला तिथल्या डॉक्टरांनी तिची कौमार्य तपासणी केली. बातमी फुटली तेव्हा दोन्हीकडे संताप उसळला, भारत सरकारने निषेध केला, आणि ब्रिटनला ही तपासणी बंद करावी लागली. तिच्या शब्दावर विश्वास नव्हता, म्हणून तिचं शरीर तपासलं. एकीने लाज बाजूला ठेवून तोंड उघडलं म्हणून पुढच्या कितीतरी जणी वाचल्या.

आता आजचं बघू. मघाशी आम्ही छावणीतल्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. आज चिठ्ठीच्या जागी पगाराचा आकडा आहे. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबईकडे, बायकोला बोलवायचं तर नवऱ्याचा पगार महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय, एवढा लागतो. बांधकामावरचा मजूर तिथे दहा वर्षं राबला तरी या आकड्याला पोचेलच असं नाही. ब्रिटनने एप्रिल २०२४ मध्ये ही अट वर्षाला २९,००० पौंडांवर नेली. जर्मनीने २००७ पासून बहुतेक बायकांना निघण्याआधीच सोपी जर्मन भाषा येते का, याची परीक्षा लावली. अमेरिकेत नोकरीवाल्या नवऱ्यामागे गेलेल्या बायकोला कमावता येत नसे. २०१५ पासून त्यातल्या काही जणींना परवानगी मिळाली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्यावर गेलं असेल तरच. अशी शिकलेली मुलगी परक्या देशात पै-पैशाला नवऱ्यावर अवलंबून राहते. तिचा व्हिसाही त्याच्या नोकरीला बांधलेला असतो.

म्हणून मैत्रिणींनो, या इतिहासातून गटाने काय घ्यायचं ते सांगतो.

पहिलं, लग्नाची नोंदणी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे, आणि सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद झाली पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं आहे. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. लग्नाची पत्रिका आणि फोटो म्हणजे दाखला नव्हे. बायको म्हणून व्हिसा मागताना दाखलाच लागतो, आणि नवऱ्याने पुढे हात वर केले तर पोलिसांत आणि कोर्टातही तोच दाखवायचा असतो.

दुसरं, स्वतःचा पासपोर्ट. २०१६ च्या अखेरीस नियम बदलले. आता पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला लागत नाही, आणि वेगळं राहणाऱ्या किंवा घटस्फोट झालेल्या बाईला नवऱ्याचं नाव घालायची सक्ती नाही. मुलीचं लग्न ठरण्याची वाट बघू नका. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं, ही आपली नेहमीची अडचण. तिचा निकाल आधी लावा. पासपोर्ट मिळाला की तो आपल्या पेटीत ठेवायचा. सासू, नवरा किंवा एजंट यांच्या ताब्यात द्यायचा नाही.

तिसरं, दहावी. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसारख्या ठिकाणी कामाला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. ही अडवणूक वाटते, पण फसवणूक टाळायलाच ती ठेवली आहे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पर्यटनाच्या व्हिसावर कामाला पाठवतो म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

चौथं, परदेशातलं स्थळ. मुलगा काय काम करतो, कोणत्या व्हिसावर आहे, आधी लग्न झालं आहे का, हे विचारण्यात काही वावगं नाही. आपण बैल घेताना चार दात बघतो. नवऱ्याने टाकलं, तिकडे नेलंच नाही किंवा नेऊन छळ केला, तर राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ नवऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. तिकडे असाल तर भारतीय दूतावासात जा. इथे १८१ क्रमांकावर फोन करा. पासपोर्ट कायद्यानुसार अशा नवऱ्याचा पासपोर्टही जप्त होऊ शकतो.

सगळेच नवरे फसवतात असं आम्ही म्हणत नाही. कितीतरी जोडपी वर्षानुवर्षं रात्रीच्या फोनवर संसार टिकवतात, त्याच्या पगारातून इकडे विहीर होते, पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो, मुलं शिकतात. त्या प्रेमाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण विमानतळावरच्या माणसाला प्रेम दिसत नाही, त्याला कागद दिसतो. तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली कागदांची पिशवी घेऊन या. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार आणि लग्नाच्या नोंदीचा कागद. एकमेकींचे वाचून बघू. ज्या बाईकडे जो कागद नसेल, त्याचं नाव वहीत लिहू, आणि तो मिळेपर्यंत दर महिन्याला तिला विचारत राहू.