औद्योगिक पंख्यांतील अनुनाद

मोटारीवर चालणाऱ्या मोठ्या पंख्याची फिरण्याची कंप्रता आणि त्याच्या आधाररचनेची नैसर्गिक कंप्रता जुळली की कंप अनेक पटींनी वाढतो. ही स्थिती म्हणजे अनुनाद, कारखान्यात ‘रेझोनन्स’. साखर कारखान्यांतील व औष्णिक वीजकेंद्रांतील बॉयलरचे आयडी (धूर ओढणारे) आणि एफडी (हवा आत ढकलणारे) पंखे, सिमेंट भट्टीचे पंखे, धूळसंकलनाचे ब्लोअर यांत ही तक्रार नेहमीची आहे.

कितीही बॅलन्सिंग केले तरी इम्पेलरमध्ये थोडे असंतुलन उरतेच, आणि एरवी ते निभावून जाते. चार पोलांची मोटार 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर मिनिटाला सुमारे 1480 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 24.7. बेअरिंगच्या पेडेस्टलची नैसर्गिक कंप्रता 25 हर्ट्झच्या आसपास असेल, तर हेच किरकोळ असंतुलन बेअरिंग खाऊ लागते. डॅम्परने हवा कमीजास्त करणाऱ्या जुन्या पंख्याचा वेग जवळजवळ ठरलेला असे. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारे उपकरण, लावल्यावर वीज वाचते, कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. पण मग पंखा वेगाच्या सबंध पट्ट्यात कोठेही चालू शकतो आणि त्या पट्ट्यात रचनेची एखादी नैसर्गिक कंप्रता सापडण्याचा संभव वाढतो.

कंप दिसला की पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत राहणे ही सर्वांत खर्चिक चूक होय. अनुनादाजवळ वेग किंचित हलला तरी फेज (असंतुलनाच्या मागे कंप रेंगाळतो तो कोन) खूप सरकते, त्यामुळे चाचणी-वजनावरून काढलेले गणित टिकत नाही. आधी वेग 5 टक्क्यांनी उतरवून पाहावा. असंतुलनाचे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ते जेमतेम 10 टक्के घटेल. कंप मात्र निम्म्यावर आला, तर अनुनादाचा संशय बळावतो. मोटारीची वीज तोडताच कंप गेला की विद्युत दोष ठरवण्याची रीत आहे. अनुनादातही वेग थोडा उतरताच कंप कोसळतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये.

खात्रीसाठी बंप टेस्ट करतात. पंखा बंद ठेवून, जास्त कंपाच्या दिशेला सेन्सर लावून पेडेस्टलवर रबरी तोंडाच्या हातोड्याने ठोका देतात. आलेखातले शिखर ही नैसर्गिक कंप्रता. शेजारचा पंखा चालू असेल तर त्याचे शिखरही आलेखात उमटते, तेव्हा तोही बंद हवा. पंखा आपोआप थांबू देत कंप व फेज नोंदवली, तर अनुनादाच्या वेगावर कंपाचे शिखर येते आणि त्या टापूतून जाताना फेज 180 अंशांच्या आसपास फिरते.

वर्षानुवर्षे शांत चाललेला पंखा अचानक थरथरू लागला, तर फाउंडेशन बोल्ट, ग्राउट आणि सॉफ्ट फूट (एखादा पाय नीट न टेकणे) आधी तपासावेत. ढिलाईने ताठपणा घटतो व नैसर्गिक कंप्रता चालू वेगापर्यंत खाली येते. मूळ रचनाच कमकुवत असेल, तर तिरपे ब्रेसिंग लागते: कंप्रता 20 टक्के वाढवायला ताठपणा 44 टक्के वाढवावा लागतो. नुसती जाड प्लेट वर जोडल्याने वस्तुमानही वाढते आणि उपाय उलटू शकतो. व्हीएफडीमध्ये ठरावीक वेगपट्टा वगळण्याची सोय असते. प्रक्रियेला तोच वेग लागत नसेल तर हा सर्वांत स्वस्त मार्ग. हेर्मान फ्राम यांना 1911 मध्ये अमेरिकी पेटंट मिळालेला कंपशोषक, म्हणजे चालू वेगाशी जुळवलेले जोड-वजन, एकाच वेगाच्या पंख्याला चालतो. बदलत्या वेगावर तो मूळ शिखराच्या दोन्ही बाजूंना नवी शिखरे उभी करतो.