दंतमुळाभोवतींचें हाड आणि यशाचें माप

कृत्रिम दंतमुळाचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या सशापासून आरंभ करतात. १९५२ सालीं स्वीडनमधील लुंड येथें हाडांतील रक्ताभिसरण पाहण्याकरितां त्यांनीं सशाच्या पायांत टायटॅनियमची बारीक नळकांडी बसविली; काम आटोपल्यावर ती निघेना, कारण हाडानें तिला आपलीशी केली होती. कथा रम्य खरी, आणि १९६५ मध्यें याच धातूचे स्क्रू मनुष्याच्या जबड्यांत बसले हें तिचेंच फळ. परंतु या विद्येचा खरा कस लागला तो हाड जडण्यांत नव्हे, तर जडलेलें हाड पुढें किती मागें हटतें या प्रश्नावर.

नैसर्गिक दांत व हाड यांच्यामध्यें तंतूंची मऊ गादी असते, आणि हिरडीचे तंतू दांताच्या मुळांत शिरून त्यास घट्ट धरतात. धातूच्या मुळास हें दोन्ही नाहीं. हिरडीचे तंतू त्याला नुसते लगटून राहतात. म्हणून जंतूंचा थर एकदां खालीं उतरला कीं हाडाचें रक्षण दुबळें पडतें.

१९७८ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें ठरविलें कीं, मुळाच्या उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंत हाड गेलें तरी चालेल, मूळ १ मिलिमीटरपर्यंत हललें तरी चालेल. शेंकडा ७५ रुग्णांत तें ५ वर्षें कामास आलें म्हणजे यश समजावें. हलणाऱ्या मुळास यश म्हणणें आज चमत्कारिक वाटेल. पण त्या काळच्या पात्यासारख्या मुळांभोवतीं पुष्कळदां हाडाऐवजीं तंतुमय आवरणच तयार होई, आणि कित्येक जाणते त्यालाच नैसर्गिक गादीचा पर्याय समजत. मापही त्याच बेताचें निघालें.

तीनच वर्षांनीं, १९८१ मध्यें, गोटेन्बर्गच्या मंडळींनीं १५ वर्षांची नोंद प्रसिद्ध केली: पहिल्या वर्षाअखेर सरासरी १.५ मिलिमीटर झीज, पुढें दरसाल अवघी ०.१. सरासरी हा आंकडा मोठा लबाड, त्याच्या आड एखाद्याचें भरभर खचणारें हाड सहज दडतें. तथापि जुनें माप मोडण्यास तो पुरेसा होता. १९८६ सालीं टोमास आल्ब्रेक्टसन व त्यांचे सहकारी यांनीं नवी मर्यादा घातली: पहिल्या वर्षानंतर दरसाल ०.२ मिलिमीटरहून कमी झीज, आणि मूळ मुळींच हलतां कामा नये.

२०१७ सालीं शिकागो येथील परिषदेनें यशापेक्षां रोगाची व्याख्या केली. पूर्वीचीं क्ष-किरण चित्रें हातीं नसतील, तर ३ मिलिमीटर वा अधिक हाड गेलेलें, सळई ६ मिलिमीटर वा अधिक खोल उतरणारी आणि रक्त येणारें, असें मूळ रोगग्रस्त मानावें. दहा मिलिमीटरच्या मुळाचा तिसरा हिस्सा ३ मिलिमीटरांहून थोडा अधिकच भरतो. जेवढें हाड गमावूनही १९७८ मध्यें रुग्णाचें नांव यशाच्या यादींत चढलें असतें, तेवढ्याच हाडाकरितां, रक्त व खोली यांची साक्ष असल्यास, आतां त्यास उपचाराच्या खुर्चीत बसावें लागतें.