पारध, शिकार आणि कारवानी : एका श्वानकुळाचा इतिहास

समाजाने एखादा प्राणी कोणत्या हेतूने पाळला, हे त्याच्यासंबंधीच्या शब्दांवरून पुष्कळ अंशी कळून येते. शिकारी कुत्र्याच्या बाबतीत मराठीत शब्दांचे तीन थर आढळतात. ‘सारमेय’ हा संस्कृत शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सरमा या देवशुनीशी निगडित आहे. ‘पारध’ हा प्राकृत ‘पारद्धि’पासून आलेला, लोकांच्या तोंडचा शब्द होय. ‘शिकार’ हा फारसी. तो राजदरबाराबरोबर आला. या तीन शब्दांमागे श्वानपालनाच्या तीन निरनिराळ्या व्यवस्था उभ्या आहेत.

यांपैकी दरबारी व्यवस्थेचा जुना आणि तपशीलवार पुरावा ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो इ. स. ११२९ च्या सुमारास रचला. गीतविनोदातील मराठी पदांमुळे हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु त्याच ग्रंथात ‘सारमेयविनोद’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. मृगयेचा अध्याय निराळा असूनही राजाने कुत्र्यासाठी वेगळा अध्याय योजिला. यावरून शिकारी कुत्र्याची पारख हे शिकारीहून वेगळे असे एक शास्त्र मानले जात होते, असे म्हणता येईल.

रत्नागिरीच्या भूमीला मात्र ‘पारध’ हाच शब्द अधिक शोभतो. सह्याद्रीचे उतार, दाट झाडी, ओढेनाले आणि अधूनमधून पसरलेले जांभ्या दगडाचे सडे, अशा प्रदेशात कुत्र्याने सावज नजरेने हेरून दूरवर दौडत जावे, असा प्रसंग विरळाच. येथील पारध हाक्याची. माणसांनी रान उठवावे, कुत्र्यांनी वास काढीत झाडी धुंडाळावी आणि रानडुकराचा ठाव भुंकून सांगावा, ही तिची रीत. या कामाला वेगापेक्षा नाक, आवाज आणि चिकाटी अधिक लागते. अशा कुत्र्यास कुळाचे वेगळे नाव मिळाले नाही. तो ‘गावठी’च राहिला.

घाट चढून देशावर गेले की चित्र पालटते. तेथील उघड्या माळरानावर नजरेने शिकार करणारा, लांब पायांचा, खोल छातीचा आणि बारीक कमरेचा कुत्रा वाढला. त्याचे ‘कारवानी’ हे नाव फारसी ‘कारवान’, म्हणजे प्रवासी तांडा, या शब्दावरून आले. त्याच्या लांब केसांच्या प्रकारास ‘पश्मी’ म्हणतात. ‘पश्म’ म्हणजे लोकर. दोन्ही शब्द फारसी असले तरी ते दरबाराच्या दफ्तरात नव्हे, तर मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी टिकले. याच कुत्र्यास ‘मुधोळ’ हे दुसरे नाव मुधोळ संस्थानामुळे मिळाले. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची एक जोडी पाचव्या जॉर्ज बादशहास भेट दिली, असे सांगितले जाते. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावर ‘मुधोळ’ हेच नाव आले. राजाश्रयाने कुत्र्यास कीर्ती दिली, हे खरे. पण त्याचे कुळ पिढ्यान्‌पिढ्या राखले ते माळावरच्या माणसांनी. ‘कारवानी’ या नावात त्यांची स्मृती आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या इतिहासास निराळे वळण दिले. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी हे आवश्यकच होते. तथापि, शतकानुशतके निवडीने घडविलेले शरीर आणि स्वभाव कायद्याने पालटत नाहीत. कारवानीचे काम गेले, धाव उरली.

हाच कुत्रा आज कोकणातील घरी आणला गेला, तर त्याच्या संगोपनाचा प्रश्न इतिहासाचाच प्रश्न ठरतो. साखळीला बांधून ठेवल्यास तो कुढतो किंवा नासधूस करतो. सकाळ-संध्याकाळ मोकळी धाव ही त्याची चैन नसून गरज आहे. कातळाचे सडे या कामी उपयोगी पडतात, परंतु उन्हात तापलेल्या जांभ्यावर त्याचे पंजे भाजतात. अंगावर चरबी बेताची असल्याने त्यास निजावयास मऊ आणि कोरडी जागा लागते. छाती खोल असल्यामुळे पोट फुगून पिळवटण्याचा धोका असतो. म्हणून भरल्यापोटी त्यास दौडवू नये. रत्नागिरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत गोचिडांचा बंदोबस्त आणि लेप्टोची लस यांची हयगय करता येत नाही. बिबट्याचा वावर असल्याने रात्री त्यास घरात घेणे इष्ट.

सारांश, सोमेश्वराने ज्यास ‘विनोद’ म्हटले, त्यास आज ‘उत्तरदायित्व’ म्हणावे लागेल. मनुष्याने स्वतःच्या गरजेपोटी एका प्राण्यास धावण्यासाठी घडविले. ती गरज संपली म्हणून त्याच्या धावण्याचे ऋण फिटत नाही. मोकळ्या जागेची आणि वेळेची तरतूद ज्यास करणे शक्य नाही, त्याने कारवानी न पाळणे हेच त्या कुळाच्या इतिहासाशी अधिक प्रामाणिक ठरेल.