नकाशावाचन, बांधकामाचे (पांढुर्णा–सौसर)

इमारतीच्या नकाशातली मापे, पातळ्या आणि लोखंडाची मांडणी समजून घेऊन ती जागेवर उतरवण्याचे कौशल्य. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात या कामात तीन भाषा भेटतात. मिस्त्री मराठीत बोलतो, नगरपालिकेचा कागद हिंदीत असतो आणि नकाशावरच्या टिपा बहुधा इंग्रजीत.

मापांचेही तसेच. नकाशा मिलिमीटरमध्ये, तर मिस्त्रीचा हिशेब फूट, इंच आणि सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यामुळे ८ मिमीची सळई अडीच सुती, १० ची तीन सुती, १२ ची चार सुती, १६ ची पाच सुती. ही नावे व्यवहारापुरती ठीक. चार सूत नेमके मोजले तर १२.७ मिमी भरते.

नवशिक्याने सेंटरलाइनच्या नकाशापासून सुरुवात करावी. त्यात कॉलमच्या मध्यरेषांना एका दिशेने अक्षरे, दुसऱ्या दिशेने आकडे असतात. एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून आय आणि ओ बहुधा गाळतात. याच रेषा दोरी लावून फक्कीने जमिनीवर आखतात आणि काटकोन ३, ४, ५ फुटांच्या त्रिकोणाने तपासतात. खोलीचे माप मात्र सहसा भिंतीच्या आतून आतपर्यंतचे असते. ही दोन मापे एक समजली की कॉलमची ओळच सरकते. नकाशावर पट्टी ठेवून माप काढू नये, कारण झेरॉक्समध्ये चित्र लहानमोठे होते. लिहिलेला आकडाच प्रमाण.

फूटिंगची खोली वाचताना माती पाहावीच लागते. या भागातली काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किंवा खडक लागला नाही, तर नकाशातल्या आकड्यावर न थांबता इंजिनिअरला विचारावे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईवर काँक्रीटचे कव्हर फूटिंगला किमान ५० मिमी आणि कॉलमला ४० मिमी हवे. ‘१५० सी/सी’ म्हणजे सळईच्या मध्यापासून पुढच्या सळईच्या मध्यापर्यंत १५० मिमी, मधली मोकळी जागा नव्हे.

सर्वांत जपून वाचायचा तो गॅलरीचा सेक्शन. दोन टेकूंवरच्या साध्या स्लॅबमध्ये मधला ताण खालून येतो, म्हणून मुख्य सळ्या खाली. बाहेर लोंबणाऱ्या गॅलरीत ताण वरून येतो. तिथे त्या वरच हव्यात आणि आतल्या स्लॅबमध्ये पुरेशा लांब न्यायला हव्यात. वरून पाहिलेल्या प्लॅनमध्ये सळी नुसती रेघ दिसते. ती वर की खाली, हे उभा छेद घेतलेला सेक्शनच स्पष्ट दाखवतो. सळ्या खाली बांधल्या गेल्या तर सेंट्रिंग काढताना गॅलरी कोसळू शकते. बरोबर बांधलेल्या सळ्याही काँक्रीट ओतताना माणसांच्या पायांखाली दबतात. म्हणून सेक्शनमध्ये दाखवलेल्या खुर्च्या, म्हणजे वाकवलेल्या सळईचे आधार, ओतण्याआधी जागेवर आहेत का ते पाहावे.