ओवी आत, गाणारी बाहेर : मराठवाड्यातील विद्यापीठीय अभ्यासक्रम आणि देशी ज्ञान

१

सिरसाळा हे बीड जिल्ह्यातील परळी तालुक्याचे गाव. त्याच्या दक्षिणेला अंबाजोगाई, आग्नेयेला परळी वैजनाथ, नैर्ऋत्येला धारूर आणि वायव्येला माजलगाव. या लहानशा टापूत मराठी ज्ञानव्यवहाराची दोन टोके एकमेकांजवळ आहेत. अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये सिद्ध झाला असे परंपरा मानते, संशोधकांत मात्र या कालाविषयी व स्थलाविषयी मतभेद आहेत. त्याच अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय कागदावर न लिहिता कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिला. दुसरीकडे माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली स्त्रियांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या ओव्यांत डॉ. आंबेडकर आहेत, रमाबाई आहेत, बुद्ध आहे आणि जातिव्यवस्थेचा स्पष्ट हिशेबही आहे.

विद्यापीठीय अभ्यासक्रमाने या दोन्हींना जागा दिली, परंतु ती सारखी नाही. मुकुंदराज आणि दासोपंत हे ग्रंथकार म्हणून येतात. त्यांचे म्हणणे काय, त्यांची भूमिका कोणती, पूर्वसूरींशी त्यांचा वाद कोठे आहे, हे विद्यार्थ्याला विचारले जाते. माजलगावची ओवी येते ती ‘लोकसाहित्य’ या शीर्षकाखाली, उदाहरण म्हणून. तिचे वर्गीकरण होते, वैशिष्ट्ये सांगितली जातात. तिच्याशी वाद मात्र कोणी घालत नाही. ही विभागणी कशी घडली आणि अभ्यासक्रमाच्या रचनेला तिच्यातून काय शिकता येईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

ही विभागणी मुळातली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत कोशग्रंथात (११२९ च्या सुमारास) महाराष्ट्रात कांडताना स्त्रिया ओवी गातात अशी नोंद केली. म्हणजे ज्या छंदात पुढे शके १२१२ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली, त्याचा जुना निर्देश कष्टणाऱ्या बाईच्या गळ्याशी जोडलेला आहे. तत्त्वज्ञानाने छंद उसना घेतला तो उखळाकडून आणि जात्याकडून. मराठी काव्यशास्त्राला हे ठाऊक आहे. अभ्यासक्रमाने मात्र ग्रंथातली ओवी आणि कंठातली ओवी अशा दोन स्वतंत्र पत्रिका केल्या.

कंठातल्या ओवीत ज्ञान कोणत्या रूपात असते? पहाटे दोघी जणी खुंटा धरून समोरासमोर बसतात, एक हात फिरवतो, दुसरा घास घालतो. ओवीची लांबी, विराम आणि पुनरुक्ती त्या फिरण्याला बांधलेली असते. छापलेल्या दोन ओळी प्रत्यक्ष गाताना कितीतरी वाढतात : अर्धी ओळ परत घेतली जाते, मध्ये ‘सये’, ‘बाई’ अशी संबोधने येतात. चालीला स्त्रिया ‘गळा’ म्हणतात. एका गळ्यावर अनेक ओव्या बसतात आणि एकच ओवी दुसऱ्या गळ्यावर गेली की तिचा भाव पालटतो. कोणती ओवी कोणापुढे म्हणावी, सासू ऐकत असताना कोणती गिळावी, समोरच्या बाईच्या ओवीला कोणत्या ओवीने उत्तर द्यावे, याचेही नियम आहेत. हे सारे काव्यशास्त्रच आहे. ते लिहिलेले नाही, पण गाणारीला ते नेमके माहीत असते आणि चूक झाली तर ती दुरुस्तही करते. छापील संहितेतून नेमके हेच गळून पडते.

३

अभ्यासक्रमाचा इतिहास पाहताना मराठवाड्याचे वेगळेपण ध्यानात घ्यावे लागते. इंग्रजी अमलाखालील महाराष्ट्रात देशी भाषा आणि इंग्रजी असा द्वंद्वाचा आराखडा आपल्या परिचयाचा आहे. बीड जिल्हा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि येथे घडले ते या आराखड्यात बसत नाही. १९१७ च्या फर्मानानुसार १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजीऐवजी उर्दू हे तेथील अध्यापनाचे माध्यम होते. त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते, दारुल तर्जुमा, उभे राहिले; इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी या विषयांचे ग्रंथ उर्दूत आले, परिभाषा घडवली गेली. भारतीय भाषेतून आधुनिक उच्च शिक्षण देता येते हे सिद्ध करणारा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु मराठवाड्यातील खेड्यातून जाणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे देशीपण दुसऱ्याचे होते. त्याची भाषा विद्यापीठात एक विषय होती, ज्ञानाचे वाहन नव्हती. शिवाय ज्याला ‘देशी’ म्हटले गेले तो आशय बहुतांशी युरोपीय विद्येचा अनुवाद होता. उस्मानियाच्या प्रयोगातून निघणारा धडा असा : माध्यम बदलले म्हणून ज्ञानाचा धनी बदलत नाही, आणि ‘देशी’ या शब्दाआड नेहमी एक प्रश्न उभा असतो. कोणाचे देशी?

हा प्रश्न त्याआधीच दुसऱ्या दिशेने विचारला गेला होता. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या पाठ्यक्रमात शेतीचे पाठ असावेत असे सुचवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला न लाजणारे असावेत, असा आग्रह धरला. विषय बदलण्याच्या मागणीला त्यांनी शिकवणारा बदलण्याची मागणी जोडली. आपल्या विद्यापीठांनी फुल्यांची पहिली मागणी थोडीफार ऐकली. दुसरी जवळजवळ ऐकलीच नाही.

४

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९९४ मध्ये त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. याच शहरात डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली होती, आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याला समीक्षेचे व्यासपीठ दिले. भालचंद्र नेमाडे यांनी याच विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले. ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) समाविष्ट झालेली त्यांची देशीयतेची मांडणी मराठी समीक्षेला सर्वांत अधिक वादग्रस्त ठरली. लोकसाहित्याच्या अभ्यासाला प्रभाकर मांडे यांनी येथेच क्षेत्रीय अभ्यासाचा भक्कम पाया दिला.

या सर्व प्रयत्नांनी अभ्यासक्रम रुंदावला, यात संशय नाही. तरीही दलित साहित्य आणि लोकसाहित्य यांच्या प्रवेशातला एक फरक नोंदवला पाहिजे. दलित साहित्याबरोबर दलित लेखक, समीक्षक व प्राध्यापकही विद्यापीठात आले. त्यांनी वाचनाच्या कसोट्याच बदलल्या. लोकसाहित्याच्या बाबतीत संग्राहक आला, संपादक आला, अभ्यासक आला. गाणारी आली नाही. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवना’पासून दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ (१९५६) या ग्रंथापर्यंतची परंपरा मोलाची आहे. पण पत्रिकेचा आराखडा ठरून गेला : व्याख्या, वर्गीकरण, वैशिष्ट्ये, पाश्चात्त्य संप्रदाय. ज्या विद्यार्थिनीच्या आजीला शेकडो ओव्या मुखोद्गत असतात, तीही परीक्षेत ओवीची व्याख्या पाठ करून लिहिते. घरचे ज्ञान आणि गुणपत्रिकेतले ज्ञान यांची गाठ पडत नाही.

५

याला अपवाद ठरलेले काम विद्यापीठाच्या बाहेर झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ (१९३४–२००४) यांनी पुण्याहून कार्यकर्त्या स्त्रियांच्या साह्याने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने ध्वनिमुद्रणे झाली. येथे ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि समाज नोंदवला गेला. ‘लोक’ नावाच्या निनावी समूहाऐवजी एक बोलणारी व्यक्ती समोर आली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहातून या ओव्या सर्वांना उपलब्ध होऊ लागल्या. माजलगावच्या ओव्या याच संग्रहातल्या आहेत. त्या ऐकताना जाणवते की देशी परंपरा एकजिनसी नसते. एकाच छंदात विठ्ठलाची आळवणी आहे, लेकाचे कौतुक करताना लेकीला उणे लेखणारी दृष्टी आहे आणि मनूच्या व्यवस्थेला दिलेला नकारही आहे. देशी ज्ञान निर्दोष असते म्हणून शिकवायचे असे नाही. त्यात आपसांतला वाद आहे, म्हणूनच ते ज्ञान आहे.

विद्यापीठाच्या आतून असा प्रश्न विचारला गेल्याचे प्रसिद्ध उदाहरण नैरोबीचे. १९६८ मध्ये न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवूर-अन्युम्बा आणि ताबान लो लियाँग यांनी इंग्रजी विभागच रद्द करावा, आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी आणावे आणि त्यात मौखिक परंपरेला पायाभूत स्थान द्यावे असे सुचवले. एखादी जादा पत्रिका त्यांनी मागितली नव्हती. केंद्र कोठे आहे, हे त्यांनी विचारले होते. आपल्याकडे देशीवादाची चर्चा कादंबरीच्या आणि परंपरेच्या मूल्यमापनापर्यंत गेली. अभ्यासमंडळाच्या बैठकीच्या दारात ती थबकली.

६

आज हा प्रश्न पुन्हा तातडीचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ला अभ्यासक्रमात स्थान दिले आणि २०२३ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकूण श्रेयांकांपैकी किमान पाच टक्के श्रेयांक या विषयाचे असावेत अशी शिफारस केली. ही जागा केवळ संस्कृत शास्त्रग्रंथांच्या परिचयाने भरली, तर उस्मानियाचा प्रश्न नव्या रूपात उभा राहील. ‘मानसोल्लास’ अभ्यासक्रमात येईल आणि त्या ग्रंथाने जिची दखल घेतली ती कांडणारी बाई पुन्हा बाहेर राहील.

वाट अगदीच बंद नाही. २०२२ मध्ये आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी औपचारिक पदवीची अट शिथिल केली. ती तरतूद उद्योगक्षेत्रापुरतीच वापरावी असे कारण नाही. ओवीच्या पत्रिकेचे काही तास गाणारीने घ्यावेत, त्याचे मानधन तिला मिळावे, आणि विद्यार्थ्याने मिळवलेली ओवी नीट उतरली की नाही याच्या मूल्यमापनात तिचा शब्द धरला जावा, एवढे तर अभ्यासमंडळाच्या अधिकारात करण्याजोगे आहे. दासोपंतांची ओवी आणि माजलगावची ओवी एकाच पत्रिकेत, एकाच प्रकारच्या प्रश्नांना सामोऱ्या ठेवाव्यात. ‘हिचे म्हणणे काय?’ हा प्रश्न दोघांनाही विचारला जावा.

यावर आक्षेप येईल की गाणे येणे म्हणजे गाण्याचे शास्त्र येणे नव्हे. आक्षेप खरा आहे, पण तो कवीलाही लागू आहे आणि आपण कवीला व्याख्यानाला बोलावतोच.

वेळ मात्र फार उरलेला नाही. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या तशी जाती कोपऱ्यात गेली. ज्यांनी तरुणपणी पहाटे दळले त्या स्त्रिया आता वृद्ध आहेत. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमध्ये त्यांच्या मुली आणि नातसुना असतात. मोळी, उचल, मुकादम या शब्दांभोवती त्यांचेही एक ज्ञान साचत आहे आणि तेही उद्या कोणीतरी ‘सामग्री’ म्हणून गोळा करील. ते गोळा होण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणाला वर्गात बोलावले जाईल का, यावर अभ्यासक्रमातील देशीपणाचे खरेखोटेपण ठरणार आहे.