नर्मदा खोऱ्यातील आदिवासींवरील माहितीपट

नर्मदा नदीवरील सरदार सरोवर धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींचे जीवन, हक्क आणि प्रतिकार यांवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक माहितीपट तयार झाले. त्यांपैकी सीमंतिनी धुरू आणि आनंद पटवर्धन यांचा 'अ नर्मदा डायरी' (१९९५) हा महाराष्ट्राशी सर्वाधिक निगडित आहे. नदीकाठची अनेक गावे पुढे जलाशयात गेल्यामुळे चळवळीचा प्रचार आणि बुडालेल्या वस्त्यांची दृश्य नोंद, असे दुहेरी महत्त्व या माहितीपटांना प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. त्यानुसार गुजरातमध्ये सरदार सरोवर धरण बांधण्याचे ठरले. धरणाच्या बुडीत क्षेत्रात मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात या तीन राज्यांतील गावे येत होती. महाराष्ट्रातील ३३ गावे सातपुड्याच्या डोंगराळ पट्ट्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या तालुक्यांत आहेत. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी तो नव्या नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झाला. येथील रहिवासी प्रामुख्याने भिल्ल, पावरा आणि तडवी समाजांचे आहेत.

लवादाच्या निवाड्यात जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन देण्याची तरतूद होती. मात्र अनेक आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत असले तरी तिच्यावर त्यांचे नाव नव्हते. सरकारी दप्तरात ते अतिक्रमणधारक ठरत. त्यामुळे 'आम्ही येथे राहतो आणि ही जमीन कसतो' हे दाखवून देणे हाच हक्काच्या लढ्याचा मोठा भाग झाला. शेत, घर, नदी, गुरे आणि सण यांचे चित्रण करणाऱ्या माहितीपटांचे महत्त्व या संदर्भात लक्षात येते.

मेधा पाटकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील बाधितांचे संघटन १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झाले. तिन्ही राज्यांतील संघटनांमधून पुढे नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले.

प्रमुख माहितीपट

के. पी. ससी यांचा 'अ व्हॅली रिफ्यूझेस टू डाय' (१९८८) हा या विषयावरील सुरुवातीच्या माहितीपटांपैकी एक होय. भारतात जन्मलेले कॅनडास्थित दिग्दर्शक अली काझिमी यांनी 'नर्मदा: अ व्हॅली रायझेस' (१९९४) मध्ये डिसेंबर १९९० मध्ये निघालेल्या संघर्ष यात्रेचे चित्रण केले. मध्य प्रदेशातून धरणस्थळाकडे निघालेली ही यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडवण्यात आली आणि तेथे आंदोलकांनी दीर्घ उपोषण केले.

'अ नर्मदा डायरी' हा सुमारे एका तासाचा माहितीपट व्हिडिओवर चित्रित झाला आहे. पटवर्धन यांनी यापूर्वी 'हमारा शहर' (१९८५) मध्ये मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या विस्थापनाचा विषय हाताळला होता. एखादी यात्रा किंवा उपोषण यांपुरते मर्यादित न राहता अनेक वर्षांच्या घडामोडी दैनंदिनीप्रमाणे मांडणे, हे 'अ नर्मदा डायरी'चे वैशिष्ट्य आहे. मोर्चे, अधिकाऱ्यांशी वादविवाद आणि पुनर्वसनाची स्थिती यांच्या जोडीने पहाडातील आदिवासींच्या होळीची दृश्येही त्यात आहेत. त्याला १९९६ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

या चित्रणाच्या काळातच घटनांना वेग आला होता. जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर त्रुटी दाखवल्या. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली या गावात पाणी शिरले. महाराष्ट्रातील हे बुडिताला सामोरे गेलेले पहिले गाव मानले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने धरणाच्या बांधकामास परवानगी दिली. त्यानंतरच्या काळात संजय काक यांचा 'वर्ड्‌स ऑन वॉटर' (२००२), फ्रॅनी आर्मस्ट्राँग या ब्रिटिश दिग्दर्शिकेचा 'ड्राउन्ड आउट' (२००२) आणि अरुंधती रॉय यांच्यावरील अराधना सेठ यांचा 'डॅम/एज' (२००२) हे माहितीपट आले. 'ड्राउन्ड आउट' मध्य प्रदेशातील जलसिंधी या गावातील एका आदिवासी कुटुंबाभोवती गुंफलेला आहे. पुनर्वसन वसाहतीत जावे, शहर गाठावे की घरातच थांबून पाण्याला सामोरे जावे, हा त्या कुटुंबापुढील प्रश्न त्यात मांडला आहे.

प्रदर्शन आणि सेन्सॉर

अशा माहितीपटांना चित्रपटगृहे क्वचितच मिळतात. महाविद्यालये, संघटनांच्या सभा, चित्रपट मंडळे आणि महोत्सव हेच त्यांच्या प्रसाराचे मुख्य मार्ग राहिले आहेत. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या २००४ च्या आवृत्तीसाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली होती. दिग्दर्शकांच्या विरोधानंतर ती मागे घेतली गेली. तरीही निवडप्रक्रियेबाबत आक्षेप राहिल्याने दिग्दर्शकांनी मुंबईत 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवला.

टीका आणि मर्यादा

हे माहितीपट आंदोलनाची बाजू उघडपणे घेतात. धरणाच्या समर्थकांच्या मते त्यांत कच्छ आणि सौराष्ट्र येथील पाणीटंचाईला पुरेसे स्थान मिळत नाही. दुसरा आक्षेप माहितीपटाच्या आतील मांडणीविषयी आहे. वरील दिग्दर्शक आदिवासी समाजाबाहेरचे आहेत. भिलोरी आणि पावरी बोलणाऱ्यांचे म्हणणे प्रेक्षकापर्यंत हिंदी किंवा इंग्रजी उपशीर्षकांतून पोहोचते. चित्रणात आंदोलनाचे परिचित नेते अधिक बोलताना आढळतात, तर गावकरी अनेकदा समूहाच्या रूपात दिसतात.

आदिवासी समाजातील व्यक्तींनी स्वतः कॅमेरा हाती घेणे, हे या मर्यादेवरील एक उत्तर मानले जाते. झारखंडमधील उराँव (कुडुख) समाजातील बिजू टोप्पो यांनी मेघनाथ यांच्यासह रांचीच्या 'अखरा' या संस्थेतून विस्थापन आणि खाणकाम यांवर माहितीपट केले. कॅनडातील अबेनाकी समाजातील अलानिस ओबोमसाविन यांचा 'कानेहसाताके: २७० इयर्स ऑफ रेझिस्टन्स' (१९९३) हा मोहॉक लोकांच्या १९९० मधील जमीनलढ्यावरील माहितीपट याच प्रकारात मोडतो. ब्राझीलमध्ये व्हिन्सेंट कारेली यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या 'व्हिडिओ नास अल्देयास' या उपक्रमाने तेथील मूलनिवासींना चित्रणाचे प्रशिक्षण दिले.

दस्तऐवज म्हणून महत्त्व

धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीच्या पूर्ण धरणाचे उद्घाटन झाले. नदीकाठची शेते, घरे आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे गावकऱ्यांच्या श्रमदानातून उभारलेला छोटा जलविद्युत प्रकल्पही २००६ मध्ये पुरात नष्ट झाला. 'स्वदेस' (२००४) या हिंदी चित्रपटातील वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे याच प्रकल्पाची प्रेरणा होती.

या पार्श्वभूमीवर १९९० च्या दशकातील चित्रणाचे मूल्य बदलले आहे. त्या वेळी ते चालू वादातील एका पक्षाचे म्हणणे होते. आज विस्थापितांच्या पुढील पिढीसाठी मूळ गाव पाहण्याच्या मोजक्या साधनांत त्याची गणना होते. वन हक्क कायदा, २००६ नुसार वनजमिनीवरील दावे सिद्ध करताना वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे आदिवासींच्या वास्तव्याची नोंद कोणी, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात ठेवली, हा प्रश्न चित्रपट अभ्यासाइतकाच हक्कांच्या इतिहासाशीही संबंधित आहे.