दुग्धमेद गोलिकेचे पटल

दुग्धमेद गोलिकेचे पटल हे सस्तन प्राण्यांच्या दुधातील मेदाच्या प्रत्येक सूक्ष्म गोलिकेभोवती असणारे पातळ आवरण आहे. ते मुख्यत्वे फॉस्फोलिपिडे, कोलेस्टेरॉल आणि प्रथिने यांचे बनलेले असते. पेशीपटल ज्या लिपिडांचे बनते त्याच प्रकारच्या लिपिडांचे हे आवरण असून ते दूध स्रवणाऱ्या पेशीकडून गोलिकेला मिळते. पाण्यात न विरघळणारा मेद दुधात विखुरलेला राहतो, तो या पटलामुळे.

रचना

फॉस्फोलिपिडाच्या रेणूचे डोके जलस्नेही, तर मेदाम्लांच्या दोन शेपट्या जलविरोधी असतात. त्यामुळे पाण्यात हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून दुहेरी थर रचतात. पेशीपटल असा दुहेरी थर असल्याचे खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींच्या अभ्यासावरून मांडले. हा थर प्रवाही असून त्यात प्रथिने रुतलेली असतात, असे प्रारूप सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये दिले.

दुधाच्या गोलिकेभोवती मात्र तीन थर असतात. दुग्धग्रंथीच्या पेशीत आंतर्द्रव्यजालिकेवर मेदाचा थेंब तयार होताना त्याला लिपिडांचा एकेरी थर मिळतो. थेंब पेशीबाहेर पडताना पेशीपटलाचा तुकडा अंगावर गुंडाळून नेतो आणि त्यातून बाहेरचा दुहेरी थर येतो. फॉस्फॅटिडिलकोलिन, फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन आणि स्फिंगोमायलिन ही यातील प्रमुख ध्रुवीय लिपिडे होत. दुधातील एकूण मेदात फॉस्फोलिपिडांचा वाटा साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी असतो. उरलेला बहुतेक मेद ट्रायग्लिसराइडांच्या रूपात गोलिकेच्या आत असतो.

म्हशीच्या दुधातील गोलिका गाईच्या दुधातील गोलिकांपेक्षा सरासरीने मोठ्या असतात. गोलिका मोठ्या असल्या की तेवढ्याच मेदाचे एकूण पृष्ठफळ कमी भरते. म्हणून म्हशीचे दूध अधिक स्निग्ध असूनही त्यातील मेदाच्या तुलनेत पटलाचा अंश कमी असतो.

ताक, लोणी आणि बेरी

विरजलेली साय घुसळताना पटल फाटते, आतील मेद एकमेकांस चिकटतो आणि लोणी वर येते. फाटलेल्या पटलाचा मोठा भाग ताकात उतरतो; त्यामुळे ताकात मेद कमी असला तरी त्या मेदात फॉस्फोलिपिडांचे प्रमाण जास्त असते. लोण्यासोबत राहिलेला पटलाचा अंश कढवताना बहुतांशी तळाच्या बेरीत जमा होतो आणि तूप जवळजवळ निव्वळ ट्रायग्लिसराइडांचे उरते.

डेअरीत दूध एकजीव करताना उच्च दाबाने गोलिका फोडून लहान केल्या जातात. वाढलेल्या पृष्ठभागास मूळ पटल अपुरे पडते आणि ती जागा केसीन हे प्रथिन घेते. अशा दुधावर साय सहज वेगळी होत नाही.

धारोष्ण दूध

कोल्हापूर शहरात म्हशीचे दूध गिऱ्हाइकासमोर काढून विकण्याची प्रथा आहे. शिवाजी पेठेजवळील गंगावेश येथील दूध कट्टा त्यासाठी प्रसिद्ध आहे. शहरातील तालमींच्या परंपरेत मल्लाच्या खुराकातही दुधाला मानाचे स्थान आहे. नुकत्याच काढलेल्या दुधातील गोलिकांचे पटल बहुतांशी अखंड असते.

तथापि कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयरोग यांचे जंतू माणसात येऊ शकतात. जनावर निरोगी दिसणे किंवा दूध डोळ्यांदेखत काढलेले असणे ही त्याविरुद्धची हमी नव्हे. दूध उकळल्याने हे जंतू मरतात. उष्णतेने पटलातील काही प्रथिनांची रचना बदलते आणि दुधातील इतर प्रथिने पटलास चिकटतात. मात्र फॉस्फोलिपिडे बहुतांशी टिकून राहतात. त्यामुळे पटलातील लिपिडे मिळावीत म्हणून दूध कच्चे पिण्याची गरज नसते.

पोषणातील महत्त्व

मातेच्या दुधातील गोलिकांभोवतीही असेच पटल असते. स्फिंगोमायलिन हे चेतातंतूंवरील मायलिन आवरणाचा एक घटक आहे. वनस्पती तेलांपासून बनवलेल्या बालदुग्ध भुकटीत हे पटल नसते. म्हणून काही उत्पादनांत ते गाईच्या दुधापासून वेगळे काढून मिसळले जाते. बालकांच्या बौद्धिक वाढीवर आणि रोगप्रतिकारक्षमतेवर त्याचा काय परिणाम होतो, यावर संशोधन सुरू आहे.